मामांनी न वाचलेली बातमी

आमचे मामा सकाळी पेपर वाचायला बसले की आमच्या आळीत दुसऱ्या कुणाला बातम्या लावायची गरज पडत नाही. मामा म्हणजे माझे सासरे, दिनकरराव. आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात. मामा इथं बोरीत असतात आणि आत्या, म्हणजे कमलबाई, परभणीला थोरल्या लेकाकडं. म्हणून मामा ओट्यावर बैठक मारतात, फोनचा स्पीकर लावतात, फोन तांब्याला टेकवून उभा करतात आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागतात. पलीकडून आत्या "हं" म्हणत राहतात. मधेच तिकडं कुकरची शिट्टी होते. मग मामा वाक्याच्या मधोमध थांबतात आणि शिट्टी संपली की तिथूनच पुढं सुरू करतात.

"येलदरी धरण अठ्ठ्याण्णव टक्के. दोन दारं उघडली."

"दोनच?"

"दोनच. आमच्या टायमाला एवढं पाणी आलं असतं तर..."

"तुमच्या टायमाचं ऱ्हाऊ द्या. फुडं वाचा."

मी आत भाकरी थापत असते. खरं सांगते, ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. कुणाचं सोयाबीन पाण्याखाली गेलं, कुठं परीक्षेचा पेपर फुटला, कुठल्या शिवारात बिबट्या दिसला, सोनं किती चढलं. आत्यांच्या गळ्यात एका पोतीशिवाय सोनं म्हणून काही नाही, पण सोन्याचा भाव त्यांना रोज लागतो. भाव ऐकला की "आग लागो" म्हणतात आणि मगच त्यांचा दिवस सुरू होतो. बातम्या रोज बदलतात म्हणे. माझ्या चुलीपुढं बसून तरी तसं कधी वाटलं नाही.

ही सवय येलदरीची. मामा तिथल्या वीजघरात नोकरीला होते आणि दोघांनी तरणेपण सगळं तिथल्या क्वार्टरमध्ये काढलं. आत्यांना अक्षर येत नाही. दुपारच्या एसटीनं पेपर यायचा, मामा पाळीवरून यायचे, आत्या ज्वारी निवडत बसायच्या आणि मामा त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचून दाखवायचे, अगदी टेंडरच्या जाहिरातीसुद्धा. परभणीत आत्यांच्या घरी तोच पेपर येतो. नात पिंकी सातवीत आहे, ती फडाफडा वाचून दाखवील. पण आत्यांना तो पेपर बोरीहूनच ऐकायचा असतो. पिंकी म्हणते, आजी, आपलाच पेपर तू फोनवरून कशाला ऐकतीस? आत्या म्हणतात, तुझं वाचणं लय भरभर व्हतंय.

दोघं अशी वेगळी कशी झाली, हे सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा शेत मोजून घेतलं, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, भांडीसुद्धा मोजली. आईबापाची वाटणी मात्र कुणी केली नाही. ती आपोआप झाली. थोरले दीर योगीराज परभणीला कारकून, जाऊबाई राजेश्री दवाखान्यात नर्स, पिंकी तेव्हा लहान. घरात बाईमाणूस पाहिजे म्हणून आत्या चार महिन्यांसाठी गेल्या. त्या चार महिन्यांना आता सहा वर्षं झाली. शेत धाकट्याच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, रामहरीच्या वाट्याला आलं आणि शेताबरोबर मामाही आमच्याकडं राहिले.

मामांनी परभणीत राहून बघितलं होतं. त्यांना पहाटे उठून खाकरायची सवय आहे. तिकडं राजेश्री रात्रपाळी करून झोपलेली, पिंकीचा अभ्यास, भिंतीला भिंत लागून शेजारी. आठवड्याभरात मामा पिशवी घेऊन परत आले. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाले, "काय न्हाई. तिथं मला बसायला जागा हाय, खाकरायला न्हाई."

गावातले लोक म्हणतात, दिनकरराव नशीबवान, दोन्ही लेकं आईबापाला सांभाळतात. सांभाळतात, खोटं कशाला बोलू. पण एकेकानं एकेक घेऊन सांभाळतात. पंच्याहत्तरीच्या माणसाला औषध, जेवण, धुतलेलं धोतर सगळं वेळेवर मिळतं, आणि तरी तो दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत असतो. मी त्यांच्यापुढं चहा ठेवते, तो गार होतो, मी पुन्हा तापवून देते. मीही चाळिशी ओलांडली. त्यांना बघितलं की माझी आणि रामहरीची वाटणी कशी होईल याचा विचार मनात येतो, आणि मग मी उगीच भांडी आपटते.

बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झाल्यापासून परभणी जवळ आली असं सगळ्या म्हणतात. आत्यांना आली नाही. दिवाळीला तिकडं राजेश्रीची माणसं येतात, उन्हाळ्यात राजेश्रीला सुटी मिळत नाही, मधल्या काळात पिंकीची शाळा. आत्या बोरीला येतात त्या वर्षातून एकदाच, भादव्यात महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींच्या सणाला. तीन दिवस. त्या तीन दिवसांच्या आधी मामा न्हाव्याकडं जातात, ओट्यावरची जाळी झाडतात, आणि मला चारदा विचारतात की हरभऱ्याची डाळ आणली का.

आमच्या पितळी मुखवट्यांची एक रीत आहे. त्यांची जागा हलवायची नाही. मोडक्या घरात असू द्या की नव्या, महालक्ष्म्या जिथं बसतात तिथंच बसवायच्या. पण एखाद्या वर्षी काही कारणानं खंड पडला, महालक्ष्म्या बसल्याच नाहीत, तर ती जागा सुटली असं धरतात. मग पुढल्या वर्षी घरातल्या कुणालाही मुखवटे आपल्याकडं नेता येतात.

योगीराजांनी परभणीत नवीन घर बांधलं. पोळ्याला आले तेव्हा मामांपुढं बसून म्हणाले, "आबा, आईच्यानं आता परवास होत न्हाई. गुडघे गेलेत तिचे. महालक्ष्म्या आमच्याकडंच बसवू."

"जागा हालवायची न्हाई," मामा म्हणाले.

"खंड पडल्याबगर न्हाई ना? बरं. औंदा बसवा हितंच. पर एखाद्या वर्सी जरी राहिलं, तर मग मी नेणार. तवा मला अडवू नका."

मामा "बरं" म्हणाले. योगीराज काही वाईट माणूस नाहीत. त्यांच्या बोलण्यात खोटही नव्हती, आईचे गुडघे खरंच गेलेत. पण मुखवटे परभणीला गेले की आत्यांना बोरीला यायला कारणच उरणार नव्हतं, हे मला कळत होतं, तर मामांना कळत नसेल का? त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोट जड आहे म्हणाले.

महालक्ष्म्या तीन दिवसांवर आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. पाऊस नुकताच उघडला होता. मामांनी नेहमीसारखा पेपर उघडला. तीन पानं वाचून झाली. चौथं पान उघडलं आणि मामा थांबले. पलीकडं कुकर वाजला नव्हता.

"मग?" आत्या म्हणाल्या.

"काय न्हाई. निस्त्या जाहिराती हाईत."

"आन् सोनं?"

"सोनं उद्या. डोळे दुखायलेत माझे."

मामांनी फोन बंद केला. रोज पेपर वाचून झाला की ते माझ्याकडं देतात, मी राशिभविष्य बघते. त्या दिवशी दिला नाही. घडी घालून सतरंजीखाली सारला आणि शेताकडं निघून गेले. मला कुठलीही गोष्ट लपवलेली खपत नाही. मी पेपर ओढून काढला. चौथ्या पानावर खाली निधनाच्या बातम्या होत्या. त्यात पंडितराव. आडनाव आमचंच. मूळचे बोरीचे, नांदेडला राहत होते, दोन दिवसांपूर्वी तिथंच वारले.

पंडितराव मामांचे लांबचे चुलतभाऊ. एका आळीत वाढले, एका विहिरीत पोहायला शिकले. पुढं नांदेडला गिरणीत लागले, पण येलदरीला मासे खायला म्हणून सुटीत यायचे, आणि आत्यांच्या हातचं कालवण खाऊन चार दिवस हलायचे नाहीत. मामांनी त्यांची बातमी अशी दोन जाहिरातींच्या मधे वाचली, आणि तोंडातून शब्द काढला नाही.

कारण तुमच्या लक्षात आलं असेल. भावकीतलं माणूस गेलं की आमच्याकडं दहा दिवस सुतक. सुतकात देवाला शिवायचं नाही, गोडधोड खायचं नाही, महालक्ष्म्या बसवायचा तर प्रश्नच नाही. म्हणजे खंड. आता गावातली तरणी माणसं म्हणतात की सात पिढ्यांपलीकडं सुतक लागत नाही, आणि पंडितराव सातव्या पिढीच्या आत की बाहेर हे कुणाला ठाऊक नाही, म्हणून ते बाहेरच. मोजून सांगणारी माणसं दोनच उरलीत, मामा आणि आत्या. त्यांच्या मोजणीत पंडितराव आतले.

आणि आत्या सुतकाच्या बाबतीत किती कडक, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. माझ्या लग्नात, मांडव भरलेला असताना, एका बाईनं आत्यांच्या कानात सांगितलं की भावकीतली एक म्हातारी गेली. सुतक कानावर आलं तरच लागतं, ज्याला कळलं नाही त्याला दोष नाही. बाकी कुणाच्या कानावर आलं नव्हतं म्हणून लग्न लागलं. आत्यांच्या कानावर आलं होतं, म्हणून त्या मांडवाबाहेर उन्हात उभ्या राहिल्या. पोटच्या पोराच्या डोक्यावर त्यांनी अक्षता टाकल्या नाहीत. कुणी कितीही विनवलं तरी आत आल्या नाहीत. आम्हाला हे मागाहून समजलं. मला तेव्हा आला तो राग अजून पुरता गेलेला नाही.

मामा शेतातून आले तेव्हा मी पेपर हातात घेऊनच उभी होते.

"मामा, आत्यांना चौथं पान वाचलं न्हाई तुमी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू वाचलंस?"

"वाचलं."

"मग तुलाबी लागलं," असं म्हणून ते खाली बसले. ताप आल्याचं सांगावं तसं म्हणाले. पुढं म्हणाले, "तिला सांगू नको. माझं मी पाळतो. मी कशालाच शिवत न्हाई, गोड खात न्हाई. तिच्या कानावर आलं न्हाई तर तिला दोष न्हाई. जे काय पाप व्हईल ते माझ्या माथी."

"आन् रामहरीला?"

"कुणालाच नको." मग खाली मान घालून म्हणाले, "वर्साचे तीन दिस हाईत, शिवकन्या. निस्ते तीन."

मला रडू आलं, आणि चीडही आली. कुणाची ते नीट सांगता येत नाही. ज्याच्याबरोबर लहानपण गेलं तो माणूस मेला, आणि ह्या माणसाला त्याचं दुःखही चोरून करायची पाळी आली. बायको तीन दिवस घरी यावी म्हणून. मी पेपर न्हाणीच्या चुलीत घातला. माझ्यापुरता मी असा निकाल लावला की मी वाचलंय, ऐकलेलं नाही, आणि सुतक कानाला असतं, डोळ्याला नसतं. असला निकाल मामांनाही लावता आला असता. पण ते तसले नाहीत.

आत्या जिंतूरच्या एसटीनं आल्या. रामहरी फाट्यावरून गाडीवर घेऊन आला. ओट्यापाशी उतरल्या, गुडघ्याला पट्टा, हातात पिशवी. मामा उभे राहिले.

"वाळलाव," आत्या म्हणाल्या.

"तू कुठं जाड झालीस," मामा म्हणाले. एवढंच बोलणं झालं. पण मामांनी आपली सतरंजी उचलून नीट झटकली आणि दोघं बसतील अशी लांब अंथरली.

महालक्ष्म्यांची वेळ झाली. ट्रंकेतून मुखवटे काढायचे होते. सतरा वर्षं झाली माझ्या लग्नाला, आत्यांनी मला मुखवट्यांना कधी हात लावू दिला नव्हता. मी पाणी तापवायची, डाळ शिजवायची, पुरण वाटायची. मुखवटे आत्या स्वतः चिंचेनं घासायच्या, स्वतः चढवायच्या. यंदा त्या उंबऱ्याबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "औंदा तूच बशीव."

"मी? आन् तुमी?"

"माझे गुडघे वाकत न्हाईत. हातात बळ ऱ्हायलं न्हाई. कवातरी करावंच लागंल की तुला."

म्हणून मी बसवल्या. दारापासून कुंकवाची पावलं काढली, रामहरीनं घंटा वाजवली, मुखवटे हातात घेऊन मी घरभर फिरले, प्रत्येक खोलीत थांबले, धान्याच्या कणगीपाशी थांबले. आत्या बाहेरून ओरडत होत्या. निऱ्या बारीक घे. धाकटीचं कुंकू कलतं झालंय. बाळं पुढं सरकव. मला एकीकडं राग येत होता, कारण सोळा भाज्या निवडायला, आंबील करायला, फुलोरा तळायला मी एकटीच होते आणि आत्यांनी वाटीभर डाळसुद्धा निवडून दिली नाही. दुसरीकडं, खोटं का बोलू, मला आतून भरूनही आलं होतं. वाटलं, सासूनं अखेर घर माझ्या हातात दिलं. मी देवघरात जाऊन एकटीच हसले.

मामा घरात आलेच नाहीत. पाठ धरली म्हणून ओट्यावरच बसून राहिले. आरतीला सगळे आत जमले, तेव्हा आत्याही उठून बाहेर गेल्या. गर्दीत जीव गुदमरतो म्हणाल्या. आरती म्हणता म्हणता मला दारातून दोघांच्या पाठी दिसत होत्या. मामा रस्त्याकडं तोंड करून बसले होते. आत्यांचे हात मांडीवर होते, जोडलेले नव्हते. मनात पाल चुकचुकली. पण दूध उतू जात होतं, मी आत पळाले.

दुसऱ्या दिवशी जेवणं. योगीराज, राजेश्री, पिंकी परभणीहून आली. योगीराजांनी महालक्ष्म्यांपुढं माथा टेकला, चारी बाजूंनी फोटो काढले आणि म्हणाले, "झालं नीट औंदा. फुडच्या वर्सी बगू." मी पंगतीला पुरणपोळ्या वाढत होते. ओट्यावर मामांचं ताट घेऊन गेले तर ते म्हणाले, "मला गोड नको. भाकर-पिठलं आसंल तर दे."

"मलाबी तेच आण," आत्या म्हणाल्या. "साखर वाढलीया माझी."

राजेश्री दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, मागच्या महिन्यातच तपासली की मी तुमची साखर. एकदम चांगली हाय."

"तुला काय कळतंय त्यातलं," आत्या फटकन म्हणाल्या.

राजेश्री माझ्याकडं बघायला लागली. नर्सला असं म्हटल्यावर ती तरी काय करणार? पिंकी आजीकडं बघत होती आणि आजीनं डोळे वटारताच ती आत पळाली. घरभर तुपाचा, वेलदोड्याचा वास सुटला होता, आणि सणाच्या दिवशी ही दोन म्हातारी माणसं बाहेर बसून कालच्या ज्वारीच्या भाकरीबरोबर पिठलं खात होती. आत्यांनी भाकरी कुस्करून मामांच्या ताटात घातली. मामांचे पुढचे दात गेलेत, हे त्यांच्या ध्यानात होतं.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या. मी मुखवटे उतरवले, पुसून ट्रंकेत ठेवले. खंड पडला नव्हता. माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं, अंग मात्र मोडून आलं होतं. योगीराज गाडी काढायला निघाले आणि म्हणाले, "आई, पिशवी भर."

"मी ऱ्हाते दोन-चार दिस," आत्या म्हणाल्या. "गुडघा धरलाय."

सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. योगीराज गोंधळले. "आन् पिंकीचं? राजेश्रीची रातपाळी हाय."

"तुमी दोघं हाव की. तुमचीच हाय न्हवं ती?"

गाडी गेली. मी मनातल्या मनात टाळी वाजवली, आणि लगेच वाटलं, चला, आणखी दोन-चार दिवस दोन म्हातारी माणसं माझ्याच गळ्यात. दोन्ही खरं होतं.

पुढच्या दिवशी मामांनी पेपर आत्यांना समोर बसवून वाचला. सवयीनं आवाज मोठाच लागला. "हितंच हाय मी, वरडू नका," आत्या म्हणाल्या. मामांनी आवाज उतरवला. मला घरातून पहिल्यांदाच बातम्या ऐकू आल्या नाहीत. नुसती कुजबुज येत होती. मधूनच आत्या हसत होत्या. काय छापून येत होतं एवढं हसण्यासारखं, देव जाणे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पंडितरावांचा दहावा होता. हे मला ठाऊक होतं आणि मामांना. दहाव्याच्या सकाळी भावकीतली माणसं डोक्यावरून पाणी घेतात आणि सुतकातून मोकळी होतात. मामा कुणाला न कळता आंघोळ उरकतील असं मला वाटलं होतं. मी उठून मागच्या दारी गेले, तर न्हाणीची चूल आधीच पेटलेली. आत्या चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांचे केस ओले होते, पाठीवर सोडलेले. पाण्याचे थेंब लुगड्यावर ठिबकत होते. मामा टॉवेल घेऊन आले आणि त्यांना तसं बघून जागीच थांबले. मी दाराआड राहिले.

"पाणी काढलंय," आत्या म्हणाल्या. "डोक्यावरून घ्या आज. मी घेतलंय."

मामांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"पंडितभावजींचा दहावा न्हाई का," आत्या म्हणाल्या.

"तुला..." मामा एक पाऊल पुढं आले. "तुला कवा कळालं?"

"त्याच दिशी. पन्नास वर्सांत कवा सोनं सोडलं व्हतं का तुमी? मधीच थांबलाव. मला वाटलं, तुमालाच काय झालं का काय. फोन ठिवला आन् पिंकीला म्हणलं, चौथं पान वाच बाई. तिनं वाचलं." आत्यांनी चुलीतलं लाकूड आत सरकवलं. "तिला शपथ घातली, पप्पाला सांगू नको म्हून."

"मग आलीस कामून? समदं ठाव असून?"

"तुमी लपवलं म्हून आले," आत्या म्हणाल्या.

मी दाराआड उभी राहून सगळं ऐकलं. पोटच्या लेकाच्या लग्नात ही बाई मांडवाबाहेर उभी राहिली होती. आणि आता, महालक्ष्म्यांच्या वेळी उंबऱ्याबाहेर खुर्चीवर बसली, दोन दिवस शिळी भाकरी खाल्ली, घरादाराशी खोटं बोलली, मला मुखवटे हातात दिले, आणि मी येडी, मला वाटलं घर माझ्या हातात दिलं. मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

मामा न्हाणीत गेले. पुष्कळ वेळ पाणी ओतल्याचा आवाज आला नाही. मग एक तांब्या ओतल्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ मामांचं रडू. मी एवढ्या वर्षांत ते कधी ऐकलं नव्हतं. पंडितचं नाव घेऊन, लहान पोरासारखं मोठ्यानं रडत होते. मी घाबरून पुढं झाले. आत्यांनी हात आडवा धरला.

"रडू दे," त्या म्हणाल्या. "आठ दिस झाले, तसंच धरून बसलेत."